यंत्राने विसरावे कसे, आणि ते तपासावे कसे

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी मनाशी म्हटले असेल की, हा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या घरातला कारभार. तो चैत्रातल्या संध्याकाळी चारचौघांपुढे कशाला? शंका रास्त आहे. जावा भाषेत लिहिलेल्या वेब-प्रोग्रॅमातील 'सेशन' आणि त्याची घटकचाचणी, हा काही मोकळ्या हवेत बसून ऐकण्याचा विषय दिसत नाही. पण ज्यांनी घरबसल्या विजेचे बिल भरले आहे, रेल्वेचे तिकीट काढले आहे किंवा बँकेतली शिल्लक मोबाइलवर पाहिली आहे, ते सारे या सेशनचे गिऱ्हाईक आहेत. अर्ज निम्मा भरून होतो, दारावरची घंटा वाजते, दूधवाल्याचा हिशेब मिटवता मिटवता गप्पा लांबतात, आणि परत येऊन पाहावे तो पडद्यावर पाटी: 'आपले सेशन संपले आहे.' सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी आपण जे चार शब्द उच्चारतो ते व्यासपीठावरून सांगण्याजोगे नसतात. आज आम्ही त्या पाटीची बाजू घेणार आहोत. यंत्र विसरले म्हणून आपण चिडतो. परंतु आम्ही डोळ्यांनी पाहिलेले खरे नुकसान यंत्र विसरले नाही म्हणून झाले.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती एकमेकांस जोडलेली कागदपत्रे सर्वांस वाचावयास मिळावीत म्हणून. ब्राउझरने एक पान मागावयाचे, पलीकडच्या सर्व्हरने ते द्यावयाचे, की व्यवहार संपला. दुसरे पान मागितले की तो सर्वस्वी नवा व्यवहार. मघाशी मागणारा आणि आता मागणारा एकच आहे, हे सर्व्हरला ठाऊक नसते. कागदपत्रे चाळण्यापुरते हे ठीक होते. पण वेबवर दुकान मांडावयाचे ठरले तेव्हा पंचाईत आली. गिऱ्हाइकाने पहिल्या पानावर साबण निवडला, दुसऱ्यावर तेल. तिसऱ्या पानावर पैसे द्यावयास आला, तर दुकानदार विचारतो, 'आपण कोण?'

या अडचणीतून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी वाट काढली. सर्व्हरने पानाबरोबर एक लहानशी चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी, आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवावी. हीच कुकी. या चिठ्ठीवर काय लिहावे याला पुष्कळ पर्याय आहेत. त्यांपैकी सेशनचा पर्याय समजून घ्यावयाचा तर मोठ्या देवळाबाहेर चपला ठेवण्याची जी सोय असते ती आठवावी. आपण चपला देतो, आतला माणूस त्या एका खणात ठेवतो आणि खणाचा नंबर असलेला बिल्ला आपल्या हाती देतो. बिल्ल्यात चपला नसतात, आपले नावही नसते, केवळ नंबर. परत आल्यावर तो बिल्ला पाहून माणूस नेमका तोच खण उघडतो. आपला चेहरा त्याच्या लक्षात असण्याचे कारण नाही.

जावातील सेशन असेच आहे. खण सर्व्हरच्या स्मृतीत, आणि बिल्ला ब्राउझरजवळ कुकीच्या रूपाने. जावाच्या सर्व्हरांत या बिल्ल्याचे ठरीव नाव 'जेसेशनआयडी'. सन कंपनीने जावा भाषा १९९५ मध्ये लोकांपुढे आणली, तीत वेबची कामे करणारे 'सर्व्हलेट' १९९७ पासून प्रचारात आले, आणि त्यांच्या जोडीला हा खणही आला. त्याचे नाव 'एचटीटीपी-सेशन'. त्याच्याकडून करून घ्यावयाची कामे मोजकीच आहेत: नाव देऊन वस्तू ठेवणे, नावाने वस्तू मागणे, नावाने वस्तू काढून टाकणे, आणि सबंध खणच मोडीत काढणे. खण मोडीत काढल्यावर त्याच्याकडे कोणी काही मागितले तर सर्व्हर वस्तू देत नाहीच, उलट चूक झाल्याची ओरड करतो. बराच वेळ कोणी फिरकले नाही तरीही खण मोडला जातो. टॉमकॅट या बहुप्रचलित सर्व्हरात ही मुदत, दुसरे काही सांगून न ठेवल्यास, ३० मिनिटांची असते. दूधवाल्याशी गप्पा लांबल्या त्या इतक्या.

आता ती हकीकत. एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तिने कचेरीच्या दर्शनी भागात सभासदांसाठी एक संगणक मांडला. सभासदाने आपला क्रमांक व परवलीचा शब्द द्यावा, शिल्लक पाहावी, कर्जाचे हप्ते पाहावेत, जामीनदाराचा अर्ज भरावा, आणि 'बाहेर पडा' हे बटण दाबून उठावे. हा प्रोग्रॅम करणाऱ्या मंडळींत आम्हीही होतो, तेव्हा दोष दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. एके दिवशी एक निवृत्त शिक्षक आले आणि आपल्या कर्जखात्याचे पान पाहून गेले. मुलीच्या आजारपणात काढलेले कर्ज होते, आणि सात हप्ते थकले होते. त्यांनी शिस्तीने 'बाहेर पडा' दाबले. त्यांच्या मागोमाग त्यांच्याच आळीतील एक किराणा दुकानदार त्या खुर्चीवर बसले, स्वतःच्या क्रमांकाने आत गेले, आणि जामीनदाराचा अर्ज उघडला. अर्जाच्या माथ्यावर त्यांचे स्वतःचे नाव. खाली कर्जाचा तपशील मात्र मास्तरांचा. रक्कम, कारण, थकलेले हप्ते, सगळे. दुकानदार वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी भाबडेपणाने मोठ्यानेच विचारले, 'अहो, मास्तरांचे कर्ज माझ्या अर्जात कसे आले?' कचेरीत आठदहा माणसे होती. गाव लहान. पुढचे सांगावयास नको.

झाले होते ते असे. 'बाहेर पडा' या बटणाने खणातून 'सभासद' या नावाची वस्तू तेवढी काढली जात होती. सभासद गेला म्हणजे सगळे गेले, असे आम्ही समजत होतो. पण कर्जाचे पान उघडताना त्याच खणात 'चालू कर्जखाते' या नावाने आणखी एक वस्तू ठेवली जाई. ती तशीच राहिली. संगणक तोच, ब्राउझर तोच, म्हणून बिल्लाही तोच. दुकानदार स्वतःच्या नावाने आत आले, पण उघडला तो जुना खण. मास्तर चपला घेऊन गेले, त्यांची पिशवी खणात राहिली, आणि पुढे तोच बिल्ला ज्याला मिळाला त्याच्या हाती ती पडली.

लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. या 'बाहेर पडा'ची चाचणी आम्ही लिहिलेली होती, आणि ती रोज उत्तीर्ण होत होती.

ही चाचणी कसली, ते सांगितले पाहिजे. आपल्या घरातील शाळकरी मुलांना घटकचाचणी हा शब्द ठाऊक आहे: वार्षिक परीक्षेची वाट न पाहता, दोनचार धडे झाले की तेवढ्यापुरती परीक्षा. प्रोग्रॅमांतही तेच. संपूर्ण प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवून, ब्राउझर उघडून, बटणे दाबदाबून तपासणे ही वार्षिक परीक्षा. ती वेळखाऊ, आणि नापास झाल्यास कोणत्या धड्यात, हे लौकर कळत नाही. म्हणून प्रोग्रॅमचा एकच लहान तुकडा उचलावयाचा, त्याला ठरलेली परिस्थिती द्यावयाची, आणि तो ठरलेले उत्तर देतो की नाही, हे दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमकडून तपासून घ्यावयाचे. जावात या कामाचे प्रसिद्ध साधन म्हणजे जेयुनिट. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाच्या परिषदेस जाताना विमानात बसल्या बसल्या त्याचा आरंभ केला, अशी त्याची जन्मकथा आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या की पडद्यावर हिरवी पट्टी. एक जरी नापास झाली तरी तांबडी. शेकडो चाचण्या काही सेकंदांत उरकतात, म्हणून त्या दिवसातून हव्या तितक्या वेळा चालवता येतात.

सेशनपाशी मात्र ही घटकचाचणी अडते. 'बाहेर पडा'चा तुकडा एकटा उचलावा म्हटले, तर त्याला सेशन हवे. सेशन बनवतो सर्व्हर. आणि सर्व्हर आणला की ती वार्षिक परीक्षाच झाली. सुदैवाने जावात एचटीटीपी-सेशन हे एक करारपत्र आहे. त्या करारातील कामे जो कोणी करून दाखवील तो सेशन. तेव्हा खऱ्याच्या जागी एखादा तोतया उभा करता येतो. तोतया म्हटले की आपणांस पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवेल. पण हे तोतये आपणच, उजळ माथ्याने, नेमलेले असतात. सिनेमात नायकाच्या जागी उडी मारणारा माणूस दुसराच असतो, त्यावरून जेरार्ड मेझारोस यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सगळ्यांस 'टेस्ट डबल' असे एकच नाव दिले, आणि त्यांच्या पोटजातीही लावून दिल्या.

त्यांतील दोनच जाती आपणांस पुरेत. आमची चूक तेथेच झाली. पहिली जात नुसती नोंद ठेवणारी. तिला मॉक म्हणतात. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली सार्डिनिया बेटावरील परिषदेत मांडलेल्या निबंधापासून ती नावारूपास आली, आणि आता मॉकिटो नावाचे साधन असला तोतया एका ओळीत बनवून देते. या तोतयाजवळ काही ठेवावयास द्या. तो ते ठेवत नाही. 'मला अमुक वस्तू ठेवावयास सांगितले' एवढी वहीत नोंद करतो. लगेच तीच वस्तू परत मागा. आधी पढवून ठेवले नसेल तर तो म्हणतो, 'माझ्याजवळ काही नाही.' नव्यानेच मॉकिटो हाती घेतलेल्या मनुष्याची एखादी संध्याकाळ या एका गोष्टीपायी जाते: आताच तर ठेवले, मग रिकामे कसे?

आमची चाचणी अशा तोतयावर उभी होती. तिने विचारले, 'बाहेर पडा' दाबल्यावर 'सभासद' ही वस्तू काढून टाकण्याचा हुकूम झाला काय? तोतयाने वही पाहून सांगितले, 'झाला.' हिरवी पट्टी. खणात आणखी काही उरले काय, हे तिने विचारलेच नाही. आणि विचारले असते तरी या तोतयाला खणच नव्हता, तो उत्तर काय देणार? प्रोग्रॅम म्हणे, 'सभासद काढ.' चाचणी म्हणे, 'सभासद काढ म्हटलेस ना?' म्हणजे आमचाच प्रोग्रॅम चाचणीने आम्हांस दुसऱ्या हस्ताक्षरात वाचून दाखवला. लिहिणाऱ्याच्या मनातली चूक दोन्हीकडे एकच असली म्हणजे ती उघडकीस यावी कशी?

दुसरी जात खरोखर वस्तू ठेवून घेणारी: लहान, कामापुरता, पण चालता खण. नाव आणि वस्तू यांची जोडयादी, जिला जावात 'मॅप' म्हणतात, ती पोटात घेऊन असा तोतया तासाभरात हाताने लिहिता येतो. आणि स्प्रिंग नावाच्या चौकटीबरोबर 'मॉक-एचटीटीपी-सेशन' म्हणून तयारही मिळतो. नावात मॉक असले तरी जातीने तो या दुसऱ्या प्रकारचा. नावांचा हा घोळ आमच्या धंद्यात जागोजाग आहे. मोडीत काढल्यावर काही मागितले तर तो खऱ्या सेशनप्रमाणेच तक्रार करतो.

या तोतयावर आम्ही चाचणी नव्याने लिहिली. आधी खणात 'सभासद' ठेवला. मग 'चालू कर्जखाते' ठेवले. आणि मुद्दाम एक तिसरी वस्तू ठेवली, जिचे नाव सबंध प्रोग्रॅममध्ये कोठेही नाही. तिला आम्ही 'विसरलेली छत्री' म्हटले. मग 'बाहेर पडा' चालवले, आणि विचारले: यातले काही मागे उरले आहे काय? छत्रीचे प्रयोजन असे की, उद्या कोणी नवे पान लिहील, खणात आणखी एक वस्तू ठेवील, आणि 'बाहेर पडा' लिहिणाऱ्यास ते कळवणार नाही. नावे घेऊन एकेक वस्तू काढणाऱ्या प्रोग्रॅमला छत्रीचे नाव माहीत नसते, म्हणून तो या चाचणीत नापास होतो. सबंध खण मोडणाराच उत्तीर्ण होतो. आमची ही चाचणी पहिल्यांदा चालवली तेव्हा पट्टी तांबडी झाली. खरे सांगतो, ती तांबडी पट्टी पाहून आम्हांस जितके बरे वाटले तितके आधीच्या सहा महिन्यांतील हिरव्या पट्ट्यांनी वाटले नव्हते.

आत येण्याच्या दारावरही अशीच चाचणी हवी. समजा, एखादा लबाड मनुष्य आधी स्वतः बिल्ला घेतो, त्याचा नंबर टिपून ठेवतो, आणि युक्तीने तो बिल्ला तुमच्या हाती देतो. त्याच बिल्ल्याने आत जाऊन तुम्ही परवलीचा शब्द दिला की तो खण तुमच्या नावाचा झाला. आणि नंबर तर त्याच्याजवळ आहेच. म्हणून परवलीचा शब्द पटताक्षणी बिल्ला बदलला पाहिजे. २०१३ मध्ये आलेल्या सर्व्हलेटांच्या ३.१ या आवृत्तीत त्यासाठी खास सोय झाली. मौज अशी की, ती सोय नंबर तेवढा बदलते. खणातले सामान जसेच्या तसे राहते. मास्तरांची पिशवी तिने हलली नसती. तेव्हा येथे चाचणीने दोन प्रश्न विचारावेत: आधीचा व नंतरचा नंबर वेगळा आहे काय, आणि आत आलेल्याच्या खणात पूर्वीच्या कोणाचे काही शिल्लक आहे काय?

मुदत संपण्याची परीक्षा पुष्कळांस अवघड वाटते. चाचणीसाठी ३० मिनिटे कोण थांबणार? थांबण्याचे कारणच नाही. मुदत मोजणे हे सर्व्हरचे काम, आणि ते तपासणे सर्व्हर लिहिणाऱ्यांचे. आपण तपासावयाचे ते इतकेच की, खण नाहीसा झाल्यावर आपला तुकडा काय करतो. 'खण असेल तर दे, नसेल तर नवा करू नको,' असे सर्व्हरला सांगता येते. नसल्यास तो 'नल', म्हणजे काही नाही, असे उत्तर देतो. चाचणीत सेशन नसलेली मागणी तुकड्याच्या हाती द्यावी. तो सभ्यपणे प्रवेशाच्या पानाकडे वाट दाखवतो, की चुकीचे लांबलचक बाड पडद्यावर ओततो, हे निमिषात कळते.

आमचे एक मत येथे सांगून टाकतो. ते सर्वांस पटेलच असे नाही. सेशनची चाचणी कशी करावी यापेक्षा सेशनला हात लावणारा प्रोग्रॅम किती थोडा ठेवता येईल, हा विचार अधिक फळतो. खणातील वस्तूंची नावे ही साधी अक्षरे असतात. एकाने 'कर्जखाते' लिहिले, दुसऱ्याने 'कर्ज खाते' लिहिले, तर जावा तक्रार करत नाही. मागणाऱ्यास मुकाट्याने 'नल' मिळतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये सतरा पाने आपापल्या हाताने खण उघडत होती. आता एकच द्वारपाल आहे. ठेवणे, काढणे, मोडणे सारे त्याच्यामार्फत, आणि सेशनच्या चाचण्या असतील त्या त्याच्या एकट्याच्या. व्याज किती, हप्ता किती, अमुक मनुष्य जामीनदार होऊ शकतो की नाही, हे ठरवणाऱ्या तुकड्यांस सेशन कशास हवे? त्यांना रक्कम आणि तारखा सांगाव्या, त्यांनी उत्तर द्यावे. त्यांची घटकचाचणी तोतयावाचून होते.

तोतयाच्या परीक्षेला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. टॉमकॅट रीतसर बंद करून पुन्हा चालू केला, तर तो जाताना खणातील सामान फाइलीत लिहून ठेवू शकतो आणि आल्यावर परत मांडू शकतो. जी वस्तू अशी लिहून काढण्याजोगी नसेल ती या प्रवासात गळते. आपला मॅपवाला तोतया कोणतीही वस्तू निमूटपणे ठेवून घेतो, म्हणून ही खोट त्याच्यापुढे दिसत नाही. वस्तू बाइटांत लिहून परत वाचून पाहणारी निराळी चाचणी लागते. तसेच एका माणसाने ब्राउझरचे दोन टॅब उघडले तर दोहोंचा खण एकच. एका टॅबात निवडलेले खाते दुसऱ्या टॅबातील अर्जात शिरते. असे काही सेशनमध्ये ठेवूच नये, पानाबरोबर पाठवावे, आणि आल्यावर ते खाते त्याच सभासदाचे आहे ना, हे दर वेळी पडताळावे. वार्षिक परीक्षा सुटत नाही ती अशा गोष्टींसाठी. तीत आम्ही आता एक प्रवेश कायमचा ठेवला आहे: एकाच ब्राउझरवर एक सभासद येतो, सगळी पाने हिंडतो, बाहेर पडतो, मग दुसरा येतो, त्याच्या एकाही पानावर पहिल्याचे काही दिसता कामा नये.

पतसंस्थेतील दुरुस्ती एका ओळीची झाली. 'सभासद' काढण्याची ओळ गेली आणि तिच्या जागी खण मोडण्याची आली. चाचणी चौदा ओळींची. संस्थेचे चिटणीस मास्तरांच्या घरी जाऊन क्षमा मागून आले. आम्हीही बरोबर होतो. मास्तरांनी चहा दिला, पावसापाण्याचे बोलले, यंत्राविषयी एक शब्द विचारला नाही. पुढे त्यांचे हप्ते फिटले. तो संगणक अजून त्याच जागी आहे. मास्तर मात्र खिडकीशी रांगेत उभे राहतात आणि पासबुक हाताने भरून घेतात.